स्थालीपुलाक न्याय आणि कांचेची पट्टी

संस्कृत भाषेंत लौकिक न्यायांचें जें मोठें भांडार आहे, त्यांतला स्थालीपुलाक न्याय आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. वाचकभगिनींस तर तो शिकविण्याची जरुरीच नाहीं, कारण त्या तो रोज सकाळीं आचरणांत आणीत असतात. भाताच्या पातेल्यांतलें एक शीत काढून बोटांनीं चेपून पाहिलें म्हणजे सारा भात शिजला कीं नाहीं हें कळतें. हरएक शीत चेपून पाहण्याचें कारण पडत नाहीं. तीस वर्षें आम्हीं हा न्याय मुलांना याच शब्दांत शिकविला आणि त्यावर टीप लिहिणारांस गुणही दिले. परंतु या न्यायाच्या पोटांत एक अट दडून बसलेली आहे, ती मात्र आम्हांस निवृत्त झाल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, घरांतल्याच एका रोगिणीच्या रिपोर्टावरून कळली. ती हकीकत वाचकांच्या उपयोगी पडण्याजोगी आहे असें वाटल्यावरून या महिन्याचें आमचें पान तिला देत आहों.

रोगीण म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. घरांत आम्ही लहानथोर मिळून अकरा माणसें. पण जिना चढतांना कोण कोठल्या पायरीवर थांबतो हें एकत्र कुटुंबांत लपून राहत नाहीं. वहिनी पूर्वीं एका दमांत वर येत, त्या गेल्या दोन वर्षांत आधीं एकदां आणि मग दोनदां थांबूं लागल्या. सोबत कोरडा खोकला. घरचे काढे झाले, शेजारच्या डॉक्टरांचीं औषधें झालीं, शेवटीं छातीचा सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसांत जागोजाग व्रण धरल्यासारखे दिसतात असें समजलें. छातीच्या रोगांच्या डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं घरांत कबुतरें आहेत काय?

हा प्रश्न आमच्या घरांत नाजूक आहे. मागल्या सज्जांत रोज पहांटे मूठभर जोंधळे टाकण्याचा वहिनींचा पंधरा वर्षांचा नेम. २०२५ सालीं मुंबईस कबुतरखाने बंद करण्यावरून जो गदारोळ झाला, त्या दिवसांत आमच्याही घरीं दोन तट पडले होते व वहिनी एका तटाच्या सेनापति होत्या. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची सूक्ष्म धूळ श्वासाबरोबर वर्षानुवर्षें आंत जात राहिली म्हणजे कांहीं माणसांच्या शरीरास ती सोसत नाहीं, आणि फुप्फुसें सुजून हळूहळू त्यांत व्रण धरतात. त्या रोगास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा कांहीं दुर्मिळ रोग नव्हे. फुप्फुसांत असे व्रण धरणाऱ्या भारतांतील १०८४ रोग्यांची जी नोंद १९ शहरांतील २७ रुग्णालयांनीं मिळून केली व २०१७ सालीं प्रसिद्ध केली, तींत जवळजवळ निम्म्या, म्हणजे शेंकडा ४७ रोग्यांना हाच रोग निघाला. कबुतरांबरोबर घरांतल्या पाण्याच्या कूलरांकडेही तेथें बोट दाखविलें आहे.

परंतु स्कॅनवर जवळजवळ असेंच दिसणारा दुसरा एक रोग आहे. त्याचें नांव इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. ‘इडिओपॅथिक’ याचा व्यवहारांतला अर्थ, कारण ठाऊक नाहीं. (अज्ञानाला इतकें भारदस्त नांव देण्याची कला आमच्या जुन्या टीकाकारांनाही साधली नव्हती.) दोहोंचे उपाय भिन्न आहेत. पहिल्यांत मूळ कारण दूर करावयाचें आणि बहुधा स्टेरॉइड द्यावयाचें. दुसऱ्यांत स्टेरॉइड, अझाथायोप्रिन व अॅसिटिलसिस्टीन हीं तीन औषधें मिळून देण्याची पूर्वीं चाल होती. पण त्या उपायानें मृत्यु व रुग्णालयांत भरती होण्याचे प्रसंग वाढतात असें अमेरिकेंतील एका मोठ्या चाचणींत आढळलें व २०१२ सालीं तें प्रसिद्ध झालें. तेव्हां एका रोगाचें औषध दुसऱ्याला देऊन चालत नाहीं. निवाडा करण्यासाठीं डॉक्टरांनीं दुर्बिणीनें फुप्फुस धुऊन पाहण्याचें ठरविलें.

हा धुण्याचा प्रकार ऐकून घरांतल्या बायका घाबरल्या, म्हणून आम्हीं तो नीट विचारून घेतला. जपानचे डॉक्टर शिगेतो इकेदा यांनीं १९६६च्या सुमारास लवचीक दुर्बीण तयार केली, तेव्हांपासून श्वासनलिकेंत दूरवर पोंचणें सोपें झालें. आणि १९७४ सालीं रेनॉल्ड्स व न्यूबॉल या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं अशा दुर्बिणींतून मिठाचें पाणी आंत सोडून व परत ओढून घेऊन, त्यांतून आलेल्या पेशी व प्रथिनें यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज साधारण १०० ते ३०० मिलिलिटर पाणी तीन ते पांच हप्त्यांनीं सोडतात व त्याचा निदान शेंकडा ३० भाग परत यावा अशी अपेक्षा असते. वहिनींच्या बाबतींत १५० मिलिलिटर आंत गेलें आणि ६० परत आलें. त्याच्या दोन कुप्या भरल्या. एक रुग्णालयानें नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पेशींची टक्केवारी काढण्यासाठीं गेली. दुसरी, कर्करोगाच्या पेशी नाहींत ना एवढें पाहण्यासाठीं, दुसऱ्या एका ठिकाणीं गेली.

त्या पाण्यांत पाहावयाचें तें काय? निरोगी व धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांतील धुवणांत शंभरांपैकीं पंचायशींहून अधिक पेशी मॅक्रोफेज नांवाच्या असतात. हें नांव ग्रीक आहे, अर्थ मोठा खाणारा; यांतला खाण्याचा ग्रीक धातु आपल्या ‘भज्’ धातूचा, म्हणजे वांटा घेणें या अर्थाच्या धातूचा, भाऊबंद आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. धूळ, जंतु, जें येईल तें गिळणाऱ्या या पेशी अंगानेंही मोठ्या असतात. लिंफोसाइट नांवाच्या लहान पेशी दहा ते पंधरा, न्यूट्रोफिल तीनपर्यंत, इओसिनोफिल एकपर्यंत. हे आंकडे अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंतले आहेत. लिंफोसाइट पंचविसांच्या वर गेले तर कबुतरांच्या रोगासारख्या रोगांकडे संशय वळतो. पन्नासांच्या वर गेले तर तो फारच बळावतो. केवळ या आंकड्यावर निदान करूं नये असेंही तेथें बजाविलें आहे.

तिसऱ्या दिवशीं पहिला रिपोर्ट आला. मोजलेल्या पेशी २००. त्यांत लिंफोसाइट ३८, म्हणजे शेंकडा १९. वहिनींनीं चष्मा लावून तो कागद स्वतः वाचला.

“पाहा भावजी, पंचविसांच्या खालीं आहेत. माझ्या कबुतरांवर उगाच आळ घेत होतां.”

आम्ही काय बोलणार? डॉक्टरही द्विधा झाले होते. नेहमीपेक्षां थोडे अधिक आहेत खरे, पण भार टाकावा इतके नाहींत, असें ते म्हणाले. वहिनींचें वय व स्कॅन पाहतां निवाडा दुसऱ्या रोगाकडे झुकूं लागला होता. दुसऱ्या प्रयोगशाळेचा कागद दोन दिवसांनीं आला तो आम्हीं, कर्करोग नाहीं एवढें वाचून, देवापुढें साखर ठेवून, फडताळांत ठेवून दिला.

तो कागद पुरता वाचला तो आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें. ती परगांवीं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करते व रविवारीं काकूंना भेटावयास आली होती. खालच्या कोपऱ्यांत एक ओळ होती, ‘लिंफोसाइट पुष्कळ दिसतात.’ तिनें दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेविले आणि विचारलें, “काका, यांनीं स्लाइड कशी केली होती?”

आम्ही हंसलों. पातेलें एक, भात एक. शीत कोणत्या पळीनें काढलें हा काय प्रश्न झाला? तिनें उत्तर न देतां स्वयंपाकघरांतून एका भांड्यांत हरभरे व राजगिरा एकत्र करून आणले, वरून पाणी ओतलें, चमच्यानें ढवळलें आणि निवळण्याची वाट न पाहतां पाणी झटकन् दुसऱ्या भांड्यांत ओतून दिलें. हरभरे बहुतेक सगळे मागें राहिले. राजगिरा पाण्याबरोबर गेला.

“आतां या भांड्यांत उरलें तेवढेंच मोजून राजगिरा किती टक्के होता तें सांगा,” ती म्हणाली.

मग तिनें यंत्र समजावून दिलें, तें आम्हांस समजलें तसें लिहितों. पाण्यांत तरंगणाऱ्या पेशी कांचेच्या पट्टीवर आणल्यावांचून सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येत नाहींत. त्यासाठीं सायटोस्पिन म्हणून एक गरगर फिरणारें यंत्र असतें. या प्रकारचें यंत्र १९६६ सालीं पुढें आलें. त्यांत कांचेची पट्टी उभी, तिला लागून मधोमध गोल भोंक पाडलेला टिपकागद, आणि कागदाला लागून एक नरसाळें, असें चिमट्यांत घट्ट धरलेलें असतें. नरसाळ्यांत थोडा द्रव घालून यंत्र फिरविलें कीं द्रव भोंकांतून कांचेवर जाऊन आपटतो. पेशी कांचेला चिकटतात आणि पाणी बाजूच्या टिपकागदांत शोषलें जातें. कांचेवर एवढ्याशा टिकलीएवढा पेशींचा गोल उमटतो. मोठी सोयीची युक्ति आहे आणि जगभर हीच चालते.

खोड आहे ती टिपकागदांत. पेशी कांचेवर पोंचणें आणि पाणी कागदांत शिरणें या दोन गोष्टींची तेथें शर्यत असते. द्रवांत बुडणाऱ्या कणाची गति, घनता सारखी धरली तर, व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. मॅक्रोफेज २० मायक्रॉन व लिंफोसाइट ८ मायक्रॉन धरला, तर व्यास अडीचपट आणि गति सहापट! मोठे पेशीबुवा कांचेवर जाऊन आसनस्थ होतात, आणि लहान पेशी वाटेंत असतांनाच कागद पाणी ओढूं लागला कीं त्या पाण्याबरोबर कागदांत जातात. फिरविण्याची गति मंद असेल तर हें अधिक होतें. कागद फार चटकन् शोषणारा असेल किंवा चिमटा सैल असेल तरी तेंच. द्रवांत थोडें प्रथिन मिसळलें तर पेशी नीट टिकतात, म्हणून पुष्कळ ठिकाणीं अल्ब्युमिन घालतात. १९८४ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या शोधकांनीं एकच धुवण या यंत्रानें आणि सूक्ष्म छिद्रांच्या गाळणपटलावर पेशी अडवून, अशा दोन्ही रीतींनीं तपासलें, आणि यंत्राच्या स्लाइडवर लिंफोसाइट वेंचून कमी होतात असें दाखवून दिलें. वेंचून, हा शब्द महत्त्वाचा. सर्व जातींच्या पेशी सारख्याच प्रमाणांत हरवल्या असत्या तर टक्केवारी बिघडली नसती.

येथें आमच्यांतला मास्तर जागा झाला आणि आम्हीं शंका काढली, कीं दोनशेंच मोजल्या म्हणून ही चूक झाली असेल. हजार मोजल्या असत्या तर? पुतणीनें पाटीच मागितली. दोनशें मोजून १९ टक्के आले तर केवळ दैवयोगानें होणारी चूक पांच-साडेपांच टक्के इकडे किंवा तिकडे. म्हणून चारशें-पांचशें मोजाव्या, तेणेंकरून ही चूक कमी होते. पण जो राजगिरा भांड्यांतून निघूनच गेला, तो हजार दाणे मोजल्यानें परत कसा येईल? उलट चुकीच्याच आंकड्यावर आपला विश्वास मात्र वाढेल.

हें ऐकतांना आम्हांस आमचेंच एक जुनें कृत्य आठवलें व थोडी लाजही वाटली. शाळेंत तपासणीसाठीं अधिकारी यावयाचे त्या दिवशीं वर्गांतलीं चार कच्चीं मुलें आम्हीं बागेला पाणी घालावयास पाठवीत असूं. साहेब उरलेल्यांतून वाटेल त्या मुलाला उभा करीत, रूपें म्हणवून घेत, आणि वर्ग उत्तम असा शेरा देत. त्यांच्या निवडींत पक्षपात नव्हता. सगळा पक्षपात ते वर्गांत शिरण्यापूर्वींच आटोपलेला होता.

पुतणी म्हणते कीं टिपकागद हें केवळ एक ठिकाण झालें. पेशी कमीअधिक होण्याच्या जागा वाटेंत अनेक आहेत. पहिल्या हप्त्याचें पाणी मोठ्या नळ्यांतलें असतें, त्यांत न्यूट्रोफिल अधिक येतात. साध्या कांचेच्या बाटलींत ठेविलें तर मॅक्रोफेज कांचेलाच चिकटून बसतात, म्हणून प्लॅस्टिकची अथवा सिलिकॉनचा लेप दिलेली बाटली घ्यावी लागते. शेंबूड काढण्यासाठीं जाळीच्या कापडांतून गाळलें कीं शेंबडाबरोबर कांहीं पेशीही जातात. प्रयोगशाळेंत पोंचावयास उशीर झाला तर पेशी फुटूं लागतात. रंगाची तर निराळीच कथा. झटपट रंगांत मास्ट पेशींचे दाणे नीट रंगत नाहींत आणि त्या नाहींतच असें वाटतें. शिवाय त्या टिकलीएवढ्या गोलांतही पेशी सगळीकडे सारख्या पसरत नाहींत, तेव्हां एकाच जागीं मोजून उठूं नये.

सोमवारीं तिनें डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन्हीकडे विचारणा केली. पहिल्या ठिकाणच्या लोकांनीं कांहीं लपविलें नाहीं हें आम्हीं नमूद करतों. यंत्र त्या दिवशीं मणक्यांतील पाण्याच्या तपासणीसाठीं मंद गतीवर लाविलेलें होतें, आणि त्याच गतीवर हेंही फिरविलें गेलें. दुसऱ्या ठिकाणीं त्याच दिवशीं केलेल्या, गिम्सा रंग दिलेल्या स्लाइड जपून ठेविलेल्या होत्या. त्यांवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ४०० पेशी मोजल्या. लिंफोसाइट १२८ भरले. शेंकडा ३२!

आम्हीं रात्रीं हिशेब मांडून पाहिला. शंभर पेशींत ३२ लिंफोसाइट व ६८ इतर. लिंफोसाइटांतले नेमके निम्मे हरवले असें धरा. राहिले १६, एकूण ८४. सोळाला चौऱ्यायशींनीं भागून शंभरानें गुणिलें तर एकोणीस येतात. पहिल्या कागदावरचा आंकडा हाच.

एक शंका मनांत राहिली ती पुतणीपाशीं बोलून दाखविली. सगळ्याच स्लाइडवर लिंफोसाइट थोडेबहुत हरवत असतील, तर मग ते पंधरा आणि पंचवीस हे आंकडे तरी कशावर बसविले? ती म्हणाली, प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळेनें एक रीत धरून ती सोडूं नये आणि रिपोर्टावर ती लिहावी. गति, वेळ, किती द्रव घेतला, किती पेशी मोजल्या. ज्या गजानें कापड मोजून भाव ठरविला त्याच गजानें तें विकावें. आमच्या हातांतल्या पहिल्या कागदावर मोजलेल्या पेशींची संख्या तेवढी होती. बाकी कांहीं नव्हतें. घरांत कोणावर ही तपासणी करण्याचा प्रसंग आला तर एवढी चौकशी वाचकांनीं अवश्य करावी. डॉक्टर रागावत नाहींत. आमचे तर रागावले नाहींत.

डॉक्टरांनीं बत्तीसाच्या आंकड्यावरही एकट्यावर निवाडा दिला नाहीं. रक्तांत कबुतरांविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आहेत काय तें तपासविलें, तीं होतीं; स्कॅन वाचणारे व पेशी पाहणारे असे दोघे तज्ज्ञ बोलावून एकत्र बसले; आणि कबुतरांचा रोग असें ठरलें. स्टेरॉइड सुरू झालें. सज्जाला जाळी लागली. चार महिन्यांत खोकला पुष्कळ उतरला आहे व वहिनी जिन्यांत एकदांच थांबतात. जे व्रण धरले आहेत ते मात्र जावयाचे नाहींत, असें त्यांना स्पष्ट सांगितलेलें आहे.

जाळी लागली त्या दिवशीं पुतणी पुन्हां आली होती. वहिनींनीं आमचा हिशेबाचा कागद मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

“म्हणजे बत्तीस होते, आणि यांनीं सोळाच पाहिले?”

“होय, काकू.”

“मग उरलेले सोळा त्या टिपकागदांत?”

“होय.”

“आणि तो कागद कोठें आहे?”

“टाकून देतात, काकू. तो कोणी पाहत नाहीं.”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. जोंधळ्यांचा डबा त्यांनीं सज्जाच्या कोनाड्यांतून उचलला आणि दळणाच्या डब्यांत रिकामा केला.